तरुण क्वार्टरबॅक घडवायचा कोणी? अ‍ॅलेक्स स्मिथच्या कारकिर्दीच्या निमित्ताने

तिसरा_डाऊन (धागालेखक)

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंची क्रमाने निवड, झाला की दर वर्षी एकच वाद पेटतो. पहिल्या फेरीत निवडलेल्या क्वार्टरबॅकला (आक्रमण चालवून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला) पहिल्याच सामन्यापासून खेळवावे, की अनुभवी खेळाडूच्या मागे वर्ष-दोन वर्षे बाकावर बसवावे? दोन्ही बाजूंकडे दाखले तयार असतात. बसवणारे पॅट्रिक माहोम्सचे नाव घेतात आणि खेळवणारे पेटन मॅनिंगचे. माझ्या मते या वादात खरा प्रश्न बाजूलाच राहतो. मुलगा बसला काय किंवा खेळला काय, त्या काळात त्याला शिकवत कोण होते, आणि तोच माणूस पुढच्या वर्षीही शिकवायला जागेवर होता का, हे फारसे कोणी विचारत नाही.

२००५ च्या ड्राफ्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सने पहिल्याच क्रमांकावर अ‍ॅलेक्स स्मिथला घेतले. त्याच दिवशी उत्तर कॅलिफोर्नियातच वाढलेला आणि बर्कलीला खेळलेला अ‍ॅरन रॉजर्स ताटकळत बसला आणि चोविसाव्या क्रमांकावर ग्रीन बे संघाकडे गेला. स्मिथला लगेच खेळवले गेले. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर १ टचडाउन पास (गुण मिळवून देणारी फेक) आणि ११ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या फेकी) लागले. पण त्याच्या अपयशाचे मूळ त्या आकड्यांत शोधण्यापेक्षा त्याच्या प्रशिक्षकांच्या यादीत शोधावे. २००५ मध्ये आक्रमणाची आखणी माईक मॅकार्थी करत होते, २००६ मध्ये नॉर्व्ह टर्नर, २००७ मध्ये जिम हॉस्टलर, २००८ मध्ये माईक मार्ट्झ, २००९ मध्ये जिमी रे, २०१० च्या हंगामात मध्येच रे यांना काढून माईक जॉन्सन, आणि २०११ मध्ये ग्रेग रोमन. सात हंगामांत सात कोऑर्डिनेटर.

कोऑर्डिनेटर बदलतो तेव्हा केवळ माणूस बदलत नाही, तर सगळी भाषा बदलते. एका पद्धतीत रिसीव्हरच्या (चेंडू झेलणाऱ्याच्या) धावमार्गाला नाव असते, दुसरीत आकडा असतो. एकीत तीन पावले मागे जाऊन चेंडू सोडायचा असतो, दुसरीत सात पावले जाऊन मार्ग उलगडेपर्यंत थांबायचे असते. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज येतो खरा, पण ४० सेकंदांच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. तिथून पुढे समोरच्या बचावाची मांडणी ओळखणे, संरक्षण बदलणे आणि चेंडू हातात आल्यावर कोणाकडे आधी पाहायचे हे ठरवणे, सगळे त्याने एकट्याने करायचे असते. ज्याला मनात भाषांतर करत बसावे लागते त्याचा तेवढा क्षण जातो, आणि या खेळात तेवढ्या क्षणात सॅक होतो, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच तो पाडला जातो.

मधल्या काळात स्मिथच्या खांद्याला दुखापत झाली आणि २००८ चा पूर्ण हंगाम गेला. २०११ मध्ये जिम हार्बॉ आले, जे स्वतः या लीगमध्ये क्वार्टरबॅक म्हणून खेळलेले होते, आणि त्या एका हंगामात संघ १३-३ (१३ विजय, ३ पराभव) गेला. स्मिथची इंटरसेप्शन होती फक्त ५. खेळाडू तोच होता.

पुढची गोष्ट अनेकांना माहीत आहे. २०१२ मध्ये डोक्याला मार लागून तो बाहेर बसला, कॉलिन केपर्निक आला आणि जागा त्याचीच झाली. स्मिथ २०१३ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सकडे गेला. २०१७ मध्ये चीफ्सनी सत्ताविसाव्या क्रमांकावरून दहाव्यावर झेप घेऊन माहोम्सला निवडले, म्हणजे स्मिथच्या डोळ्यांदेखत त्याचा वारसदार आणून बसवला. तरीही त्याने त्या मुलाला आपली तयारी मोकळेपणाने पाहू दिली, आणि त्याच वर्षी स्वतः लीगमधील सर्वाधिक पासर रेटिंग (फेकीच्या कामगिरीचा गुणांक), १०४.७, मिळवले. माहोम्सने याचे श्रेय त्याला वारंवार दिले आहे.

स्मिथचे हे औदार्य मला फार मोठे वाटते. पण संघांनी त्याच्यावर विसंबून योजना आखावी का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. ज्येष्ठ खेळाडूने शिकवले तर ते त्याचे देणे आहे. शिकवण्याचे कर्तव्य संघाचे आहे, आणि त्या कर्तव्याचा पहिला भाग म्हणजे शिकवणारा माणूस वारंवार न बदलणे. आपल्याला काय वाटते?

विस्कॉन्सिनकर

धागा आवडला, आणि ग्रीन बेचा इतिहास आपल्या म्हणण्याला किती बळ देतो हे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण ‘तीन वर्षे बसवा’ या पक्षाचे लोक याच संघाकडे बोट दाखवतात.

रॉजर्स तीन हंगाम ब्रेट फाव्हरच्या मागे बसला हे खरे. पण फाव्हरने त्याला घडवले हा समज खरा नाही. रॉजर्सला तयार करणे आपल्या करारात लिहिलेले नाही, अशा अर्थाचे फाव्हर तेव्हा उघडपणे बोलला होता. ते ऐकून अनेकांना राग आला. मला त्यात खोटे काही दिसत नाही. तो तिशीच्या शेवटाकडे आला होता आणि अजून जिंकायला खेळत होता. रॉजर्स घडला तो दुसऱ्या हातांनी. २००६ मध्ये मॅकार्थी मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. होय, तेच मॅकार्थी, जे २००५ मध्ये स्मिथचे कोऑर्डिनेटर होते. त्यांची हंगामाबाहेरची ‘क्वार्टरबॅक शाळा’ प्रसिद्ध आहे. त्यात ते आणि क्वार्टरबॅकचे प्रशिक्षक टॉम क्लेमंट्स पायांची ठेवण, नजरेचा क्रम, चेंडू धरण्याची जागा अशा मूलभूत गोष्टी पुन्हा पहिल्यापासून घेत. रॉजर्स महाविद्यालयातून आला तेव्हा चेंडू कानाजवळ उंच धरत असे, आणि ती सवय इथे बदलली गेली. असा बदल ऐन हंगामात, दर रविवारी सामना खेळत असताना करणे जवळजवळ अशक्य असते, आणि बसण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो.

२९ नोव्हेंबर २००७ ला डॅलसमध्ये फाव्हर जखमी झाला आणि रॉजर्स उतरला. २६ पैकी १८ पास पूर्ण, २०१ यार्ड, एक टचडाउन. सामना हरला, पण मुलगा तयार आहे हे त्या रात्री कळले. पुढच्या वर्षी तो नियमित खेळू लागला तेव्हा त्याने ४,००० हून अधिक यार्ड फेकले आणि संघ मात्र ६-१० राहिला. तेव्हा कोणी घाबरून मुख्य प्रशिक्षक बदलला नाही. २०१० च्या हंगामाअखेर सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

जॉर्डन लव्हच्या बाबतीतही तेच. २०२० मध्ये त्याला घेतले, पण त्या वर्षी साथीमुळे सरावसामनेच झाले नाहीत आणि तो पूर्ण हंगाम तिसऱ्या क्रमांकावर राहून एकाही सामन्यात उतरला नाही. २०२१ मध्ये कॅन्सस सिटीविरुद्धचा एक पराभूत सामना, २०२२ मध्ये फिलाडेल्फियात थोडी मिनिटे, आणि २०२३ मध्ये एकदम सगळा भार. संघ आधी ३-६ होता. नंतरच्या आठ सामन्यांत लव्हचे १८ टचडाउन आणि १ इंटरसेप्शन, आणि प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ हरवले. २०२२ मध्ये या संघाने क्लेमंट्स यांना पुन्हा बोलावून घेतले होते, हे कोणी फारसे लक्षात घेत नाही. मुख्य प्रशिक्षक मॅट लाफ्लुर तर २०१९ पासून तेच आहेत.

पडवी

दोन्ही लेखन अभ्यासपूर्ण आहे, परंतु आपण दोघेही पैशाचा विषय टाळत आहात, आणि माझ्या दृष्टीने निर्णय तिथेच होतो.

२०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांचा होता आणि त्यात ५ कोटी डॉलरची हमी होती. २०११ मध्ये लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात झालेल्या सामूहिक करारानंतर नवोदितांचे वेतन क्रमांकानुसार ठरू लागले. त्या वर्षी पहिला आलेल्या कॅम न्यूटनचा संपूर्ण करार सुमारे २.२ कोटींचा, चार वर्षांचा होता. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचे पाचवे वर्ष राखण्याचा हक्क संघाकडे असतो, म्हणजे चांगला क्वार्टरबॅक स्वस्तात मिळण्याची मुदत पाच वर्षे. वाचलेल्या पैशातून बचाव उभा करायचा हे गणित सिअ‍ॅटलने रसेल विल्सनच्या वेळी दाखवून दिले, आणि त्यानंतर प्रत्येक मालकाला वाटू लागले की मुलगा बाकावर घालवतो ते प्रत्येक वर्ष आपल्या खिशातून जाते. तीन वर्षे बसवणे ग्रीन बेला परवडते कारण तिथे एकटा मालक नाही, लाखो भागधारक आहेत आणि कोणी रागाच्या भरात सगळ्यांना हाकलून देत नाही. बाकीच्या संघांत मुख्य प्रशिक्षकाची स्वतःची नोकरी दोन वर्षांत जाणार असते. तो मुलाला पाच वर्षांनंतरसाठी घडवेल अशी अपेक्षा कशी करायची?

शिवाय त्याच करारात सराव कमी झाला. हंगामाबाहेरचा कार्यक्रम नऊ आठवड्यांवर आला, पूर्ण पॅड घालून करायचे सराव हंगामात चौदावर आले, आणि दिवसातून दोनदा कस लावणारे सराव बंद झाले. खेळाडूंच्या शरीरासाठी हे योग्यच झाले, मी त्याविरुद्ध नाही. पण त्याची झळ सर्वांत जास्त दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला बसली. जे थोडे स्नॅप (सरावात चाल खेळण्याच्या संधी) उरले ते सगळे पहिल्याला जातात.

खाडीकिनारा

मी गेली बरीच वर्षे सांता क्लाराजवळ राहतो आणि फोर्टीनायनर्सचे सामने पाहत आलो आहे. स्मिथच्या वाईट वर्षांतला प्रेक्षकांचा राग मी ऐकला आहे. तेव्हा त्याच्यावर ओरडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या वर्षीच्या कोऑर्डिनेटरचे नाव सांगता आले असते.

याच संघाने एकेकाळी हे काम सर्वांत चांगले केले होते, म्हणून थोडे मागे जातो. मुख्य प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी १९७९ मध्ये जो मोंटानाला तिसऱ्या फेरीत, ८२ व्या क्रमांकावर घेतले. स्टीव्ह डीबर्ग नियमित खेळत होता. मोंटानाने त्या पूर्ण हंगामात फक्त २३ पास फेकले. वॉल्श त्याला निवडक प्रसंगी मैदानात आणत, जिथे यश मिळण्याची शक्यता अधिक असे, आणि पुन्हा बाहेर घेत. १९८० मध्ये त्याच्याकडे जागा आली आणि जानेवारी १९८२ मध्ये सुपर बोल. याआधी सिनसिनाटीत सहायक असताना याच वॉल्श यांनी लहानशा ऑगस्टाना महाविद्यालयातून आलेल्या केन अँडरसनला घडवले होते, ज्याने १९७४ आणि १९७५ अशी दोन वर्षे लीगमध्ये पासर रेटिंगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. वॉल्श यांच्या पद्धतीचा गाभा पायांत होता. क्वार्टरबॅकची पावले आणि रिसीव्हरचा मार्ग एकमेकांशी जुळवलेले. तिसरे पाऊल पडले आणि पहिला माणूस मोकळा नसला, तर पाय आपोआप दुसऱ्याकडे वळले पाहिजेत.

म्हणून ‘बसवा’ आणि ‘खेळवा’ यांच्यामध्ये एक तिसरी वाट होती, थोडे थोडे खेळवण्याची, आणि ती आज जवळजवळ बुजली आहे. आता क्वार्टरबॅकला एका मालिकेसाठी बाहेर घेतले तरी संध्याकाळपर्यंत देशभर चर्चा सुरू होते. त्या गोंगाटात वॉल्श यांनाही ते जमले असते की नाही याची मला शंका आहे.

नवा_प्रेक्षक

मुलीमुळे हा खेळ पाहू लागलो आहे. ज्येष्ठ खेळाडू शिकवतो म्हणजे आठवडाभर नेमके काय करतो, हे कोणी सांगू शकेल का?

तिसरा_डाऊन (धागालेखक)

फार योग्य प्रश्न. रविवारी सामना असेल तर आठवडा साधारण असा जातो. सोमवारी झालेल्या सामन्याची चित्रफीत पाहून चुका तपासल्या जातात. मंगळवारी बहुतेक खेळाडूंना सुट्टी असते, पण क्वार्टरबॅक त्या दिवशी पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास सुरू करतात. बुधवारी पहिल्या आणि दुसऱ्या डाऊनच्या (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एकेक म्हणजे डाऊन) योजना बसवल्या जातात, गुरुवारी तिसऱ्या डाऊनच्या, शुक्रवारी गोलरेषेजवळच्या, आणि शनिवारी हलकी उजळणी होते. नव्या मुलाला प्लेबुक पाठ असते. हा आठवडा कसा वापरायचा हे मात्र माहीत नसते. शंभराहून अधिक योजनांपैकी आपल्याला न आवडणाऱ्या कोणत्या हे प्रशिक्षकाला कधी आणि कसे सांगायचे, तिसऱ्या डाऊनला ब्लिट्झ (जादा बचावपटूंचा क्वार्टरबॅकवरचा हल्ला) कोठून येईल हे चित्रफितीत कोणत्या खुणांवरून ओळखायचे, सेंटरशी (चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूशी) कोणत्या बाबी आधीच ठरवून ठेवायच्या, वही कशी मांडायची, झोप किती घ्यायची, या गोष्टी कोणी समोर करताना दिसला तरच कळतात. स्मिथने माहोम्सला दिले ते मुख्यतः हेच. त्याच्या चेंडू फेकण्याच्या हाताला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

माहोम्स त्या वर्षी नुसता बसला नव्हता, हेही जोडतो. सरावात तो प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकची भूमिका करून चीफ्सच्या पहिल्या फळीच्या बचावाविरुद्ध खेळत असे, म्हणजे दर आठवड्याला त्याला खऱ्या वेगाची ओळख होत होती. ३१ डिसेंबर २०१७ ला डेन्व्हरमध्ये त्याला पहिला सामना मिळाला, कारण संघाचे प्लेऑफमधले स्थान ठरले होते आणि स्मिथला विश्रांती द्यायची होती. तो सामना त्याने २७-२४ असा जिंकून दिला. पुढच्या हंगामात ५० टचडाउन. आणि या सगळ्या काळात मुख्य प्रशिक्षक अँडी रीड तिथेच होते.

पडवी

पण मग बफेलोच्या जॉश अ‍ॅलनचे काय? त्याच्यासमोर कोणी स्मिथ नव्हता आणि तो पहिल्याच वर्षी खेळला. पूर्ण केलेल्या पासचे त्याचे प्रमाण २०१८ मध्ये ५२.८ टक्के होते, २०१९ मध्ये ५८.८ आणि २०२० मध्ये ६९.२. माझ्या मते हे खेळण्यातूनच आले.

विस्कॉन्सिनकर

अ‍ॅलनचे उदाहरण मला धागालेखकांच्याच बाजूचे वाटते. बफेलोमध्ये त्याचा कोऑर्डिनेटर ब्रायन डेबॉल पहिल्या चारही हंगामांत एकच होता. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये संघाने डेरेक अँडरसनला आणले ते जिंकून देण्यासाठी नव्हे, तर त्या खोलीत एक जाणता माणूस असावा म्हणून, आणि कोपराच्या दुखापतीमुळे अ‍ॅलनला काही सामने बाहेरून पाहावे लागले. २०१९ पासून क्वार्टरबॅकचे प्रशिक्षण केन डॉर्सीकडे आले. २०२० मध्ये रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज आला. ६९.२ हा आकडा खेळण्यातून आला हे मान्य. पण एकाच भाषेत तीन वर्षे खेळण्यातून आला.

याच्या उलट, त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलेला सॅम डार्नल्ड पाहा. जेट्समध्ये दुसऱ्याच वर्षी मुख्य प्रशिक्षक बदलला, मग दुसरा संघ, तिथेही गोंधळ. २०२३ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोत काइल शनाहनच्या हाताखाली राखीव म्हणून एक वर्ष बसला, आणि २०२४ मध्ये मिनेसोटात केविन ओ’कॉनेलकडे ३५ टचडाउन फेकून संघाला १४-३ पर्यंत घेऊन गेला. तरुण क्वार्टरबॅक संघाला तोंडघशी पाडण्याआधी संघच त्याला तोंडघशी पाडतो, असे ओ’कॉनेल जाहीरपणे म्हणाले आहेत.

खाडीकिनारा

यात ब्राइस यंगचाही विचार व्हावा. कॅरोलायनाने २०२३ मध्ये त्याला पहिल्या क्रमांकावर घेण्यासाठी डी. जे. मूर हा आपला सर्वोत्तम रिसीव्हर शिकागोला देऊन टाकला, म्हणजे मुलगा ज्याच्याकडे चेंडू फेकणार तोच घालवला. त्या हंगामात यंगला ६२ वेळा पाडले गेले आणि अकरा सामन्यांनंतर मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइक यांना काढले. २०२४ मध्ये नवे प्रशिक्षक डेव्ह कॅनालेस यांनी दोन सामन्यांनंतर त्याला बाकावर बसवून अँडी डाल्टनला खेळवले. तेव्हा मला ती शिक्षा वाटली. पण ऑक्टोबरमध्ये डाल्टन मोटार अपघातात जखमी झाल्यावर यंग परतला, आणि त्याचा खेळ शांत झालेला दिसला; चेंडू सोडण्याची घाई गेली होती. ते आठवडे त्याच्या उपयोगी पडले असे मला वाटते, जरी त्याला बसवण्यामागे शिकवण्याचा हेतू कितपत होता हे बाहेरून सांगता येत नाही.

तिसरा_डाऊन (धागालेखक)

पडवी, आपला पैशाचा मुद्दा मला पूर्ण पटतो, आणि म्हणूनच मी उपाय मोठ्या मनाच्या ज्येष्ठांत शोधत नाही. संघाच्या आवाक्यातल्या दोन-तीन गोष्टी आहेत, त्या सांगतो.

एक म्हणजे मुख्य प्रशिक्षक बदलला तरी क्वार्टरबॅकचा प्रशिक्षक आणि आक्रमणाची परिभाषा शक्य तेवढी टिकवावी, आणि मुलाखतीतच नव्या माणसाला ते विचारावे. दुसरे, क्वार्टरबॅकच्या खोलीत तिसरी जागा ठेवावी. जानेवारी २०२३ मध्ये फिलाडेल्फियात फोर्टीनायनर्सचे ब्रॉक पर्डी आणि जॉश जॉन्सन दोघेही जखमी झाले, संघाकडे पास फेकू शकणारा कोणी उरला नाही, आणि त्यानंतर लीगने आणीबाणीच्या तिसऱ्या क्वार्टरबॅकचा नियम परत आणला. २०२३ मध्ये त्यासाठी तो ५३ जणांच्या मुख्य यादीत असावा लागे, म्हणून अनेक संघ कुरकुरत. मला ती जागा स्वस्त वाटते, कारण तिथे असा ज्येष्ठ बसवता येतो ज्याची जागा जाण्याची भीती संपलेली आहे. वॉशिंग्टनने २०२४ मध्ये जेडन डॅनियल्ससोबत मार्कस मारिओटाला ठेवले. मारिओटा स्वतः २०१५ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला. त्या ओझ्याची कल्पना त्याला सांगावी लागली नसेल.

तिसरे, न मिळणारे स्नॅप अन्य मार्गाने मिळवून द्यावेत. २००७ मध्ये एनएफएल युरोप बंद झाली, जिथे क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर १९९८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमकडून खेळून आला होता, आणि २०२१ पासून सरावसामने चारांवरून तीनांवर आले. डॅनियल्सने आभासी वास्तवाचा चश्मा लावून बचावाच्या मांडण्या वेगाने ओळखण्याचा सराव महाविद्यालयातच सुरू केला होता आणि वॉशिंग्टननेही तो चालू ठेवला. हे साधन नियमित खेळणाऱ्यापेक्षा बाकावरच्या मुलाला अधिक हवे आहे. सरावात पहिल्या क्रमांकाचा स्नॅप घेत असताना त्याच्या मागे दहा यार्डांवर उभे राहून दुसऱ्याने तीच पावले, तीच नजर करायची, ही जुनी पद्धतही आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही.

नवा_प्रेक्षक

मनापासून आभार. मुलीला विचारले तर ती म्हणाली की तिच्या शाळेच्या फ्लॅग फुटबॉल संघात राखीव क्वार्टरबॅकला असेच मागे उभे करतात. आता त्याचे कारण मलाही कळले. एक शंका उरते: स्मिथसारखा माणूस प्रशिक्षक का झाला नाही?

तिसरा_डाऊन (धागालेखक)

नोव्हेंबर २०१८ मध्ये वॉशिंग्टनकडून खेळताना त्याचा पाय मोडला, जखमेत संसर्ग होऊन जीव धोक्यात आला आणि १७ शस्त्रक्रिया झाल्या. तरी ऑक्टोबर २०२० मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला, आणि त्या हंगामानंतर निवृत्त होऊन दूरचित्रवाणीवर विश्लेषण करू लागला. प्रशिक्षकाची नोकरी म्हणजे हंगामभर पहाटेपासून रात्रीपर्यंत कार्यालयात राहणे आणि दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलणे. इतक्या शस्त्रक्रियांनंतर घरच्यांजवळ राहावेसे वाटले असेल, तर मला ते समजण्यासारखे आहे.